अनुमोदक

ग्रामसभा ही या देशातली सर्वोच्च सभा आहे. लोकसभेत लोकांचे प्रतिनिधी बसतात, ग्रामसभेत लोक स्वतः बसतात. राजा आणि प्रजा एकाच सतरंजीवर मांडी घालून बसल्याचं दृश्य दुसरीकडे कुठे पाहायला मिळत नाही. आमच्या गावात ही सभा सकाळी दहाला सुरू होते आणि साधारण पावणेअकराला तहकूब होते.

यात कुणाचा दोष नाही. कायद्यानं आमच्या गावच्या सभेला शंभर माणसं लागतात. दहा वाजता समाजमंदिरात सरपंच, ग्रामसेवक, शिपाई, मी आणि माझ्यासारखी घरी नकोशी झालेली सात-आठ निवृत्त माणसं असतात. पाऊण तास वाट पाहायची, संख्या अपुरी म्हणून सभा तहकूब करायची, चहा घ्यायचा. कायदा पुढे असंही म्हणतो की तहकूब झालेली सभा पुन्हा घेतली तर तिला संख्येची अट नाही. म्हणून चार-आठ दिवसांनी तीच दहा-बारा माणसं पुन्हा जमतात आणि गावाचा कारभार उरकतात. पहिली सभा ही खऱ्या सभेची तारीख ठरवण्यापुरती असते, हे गावातल्या लहान पोरालाही माहीत आहे.

मला तर कायद्याच्या कलमांसकट माहीत होतं. तीस-बत्तीस वर्षं एका तालुक्याच्या कचेरीत बाबूगिरी करून मी गावी परतलो. आंधळगावच्या बाजाराला सायकलनं जाता येईल इतक्या अंतरावर आमचं गाव. सोबत चार फळ्या भरतील एवढी पुस्तकं होती आणि दुसऱ्याच्या थाटामाटाला हसण्याची जुनी खोड. एका नालीचं भूमिपूजन तीन वेगवेगळ्या पाहुण्यांच्या हस्ते झालेलं मी पाहिलं आहे. नाली वीस फूट होती. असल्या गोष्टी मी ओट्यावर बसून रंगवून सांगत असे, आणि लोक हसले की मला आपण गावाच्या उपयोगी पडतो असं वाटे. उरलेल्या वेळात लोकांचे अर्ज लिहून देत असे.

ज्या वहिनीबद्दल हे लिहितो आहे, तिचं घर माझ्या घरापासून तिसरं. तिचा नवरा आणि मी एका बाकावर शिकलो. तो जाऊन सहा वर्षं झाली, मुलगी लाखनीकडे दिलेली, आणि घरात ही एकटी. मातीच्या भिंती, वर कवेलू, म्हणजे कौलं. वानरं येतात, कवेलूंवर उड्या मारतात आणि जातात. त्यानंतर घरात कुठे कुठे भांडी मांडायची हे पहिल्या सरीला कळतं. एक भिंत मागच्या पावसाळ्यात पोटाशी फुगली होती. तिला सरकारी घरकूल मिळायला काहीच अडचण नव्हती, एका फोटोशिवाय.

सर्व्हे करणारा पोरगा आला तेव्हा भर दुपार होती. अंगण एकच, एका बाजूला हिचं घर, दुसऱ्या बाजूला दिराचं स्लॅबचं. हिचं घर पाहून झाल्यावर तो म्हणाला, "बाई, फोटोले उभ्या राहा." ती सावलीला जाऊन उभी राहिली. सावली दिराच्या ओसरीत होती. त्यानं तिथेच मोबाइल धरला. यादी आली तेव्हा हिचं नाव अपात्र लोकांत, आणि कारण लिहिलं होतं: पक्के घर.

उपाय सोपा होता. अपात्रांची यादी ग्रामसभेत वाचतात. नाव वाचलं की उभं राहून सांगायचं, हे घर माझं नाही, येऊन पाहा. हरकत नोंदवली जाते आणि नाव फेरतपासणीला जातं. हे मीच तिला समजावून सांगितलं होतं.

सभा मे महिन्यात लागली. तेंदूपत्त्याचे, विडीच्या पानांचे दिवस होते. हा हंगाम जेमतेम पंधरा दिवसांचा. उजाडायच्या आत जंगलात जायचं, पानं तोडायची, दुपारी घरी येऊन पुडे बांधायचे आणि संध्याकाळी मोजून द्यायचे. सभेला थांबलं तर तो दिवस गेला. वहिनी त्या पहाटे माझ्या ओट्यासमोर येऊन उभी राहिली. लुगडं धुतलेलं होतं, म्हणजे मनातून ती सभेलाच निघाली होती. हातात मात्र पत्ता आणायचा गाठोड्याचा कपडा होता.

"भाऊजी, आज मिटिंगले थांबू का पत्त्याले जाऊ?"

"कायची मिटिंग वहिनी," मी म्हणालो. "आज तहकूब होते. तुम्ही जा पत्त्याले."

"यादी वाचतो म्हने आज."

"यादी दुसऱ्या सभेत वाचतात. पहिल्या सभेत आयकाले तं पाहिजे कोनी. आमी आठ म्हातारे अन् दोन कुत्रे."

ती हसली, पण हलली नाही. "नक्की ना जी?"

"मी कायदा शिकवू का आता तुम्हाले?"

"तसं नाही जी. तुमी तं असालच न तेथी. काही झालंच तं माह्यासाठी दोन शबद बोलजा."

"बोलतो ना," मी म्हणालो. ती गेली. मी चहा संपवला आणि कालचं वर्तमानपत्र उरलं होतं तेवढं वाचलं.

दहा वाजता समाजमंदिराच्या दाराला झेंडूची माळ होती. मला तेव्हाच समजायला हवं होतं. आत सतरंजीऐवजी खुर्च्या होत्या, व्यासपीठावर पांढरा कपडा घातलेलं टेबल होतं, आणि मागे एक एवढा मोठा फलक होता की त्यावरच्या पाहुण्यांच्या चेहऱ्यांमागे भिंतीवरचा घड्याळाचा खिळाही झाकला होता. जिल्ह्याहून एक साहेब सभा पाहायला येणार होते. हे आदल्या संध्याकाळी ठरलं, आणि शंभर माणसांची सोयही लगेच झाली. रोजगार हमीवर बोडी, म्हणजे शेताजवळचं तळं, खोल करणाऱ्या साऱ्या बाया तासाभरासाठी कामावरून उचलून आणल्या होत्या. त्या घमेली मांडीवर घेऊन रांगेत बसल्या होत्या. एकीनं मला विचारलं, "बाबूजी, इथं आमाले काय खनाचं हाय?"

तहकुबीच्या भरवशावर मी एका बाईला जंगलात पाठवलं आहे, हे माझ्या लक्षात आलं. अजून वेळ होता. जंगल तीन किलोमीटर होतं, सरपंचाकडे मोटारसायकल होती, आणि कुणालाही पाठवता आलं असतं. मी सरपंचाकडे वळलो. तो माझ्या निम्म्या वयाचा, उत्साही पोरगा. मी काही म्हणायच्या आत त्यानं माझा दंड धरला.

"बाबूजी, मांगं कायले जाता? तुमी आज वरत."

"अरे, माझं एक काम—"

"काम मंग सांगा. साहेब आलेच. आभार तुमीच मानाचे. तुमच्यासारखं बोलनं येथी कोनाले येते?"

मी वर गेलो. हे वाक्य मी पुष्कळदा वेगवेगळ्या तऱ्हेनं लिहून पाहिलं आहे. मला ओढलं, मला नाही म्हणता आलं नाही, वगैरे. पण मी माझ्या पायांनी चार पायऱ्या चढून गेलो आणि तिसऱ्या खुर्चीवर बसलो. ज्येष्ठ नागरिक म्हणून माझ्या खांद्यावर शाल घातली गेली. मे महिन्यात भंडारा जिल्ह्यात कुणाला शाल पांघरणं हा सत्कार असेल तर शिक्षेला काय उरतं, असं मी एरवी मागच्या रांगेतून म्हटलं असतं आणि चार माणसं हसली असती. त्या दिवशी मी शाल सरळ केली.

भाषणं झाली. मग ग्रामसेवकानं याद्या वाचायला घेतल्या. मी आभाराच्या भाषणात गुंतलो होतो. साहेबांना 'कर्तव्यदक्ष' म्हणावं तर ते आधीच दोघांनी म्हटलं होतं, आणि मी दुसरा शब्द शोधत होतो. अपात्रांच्या यादीत वहिनीचं नाव आलं ते मला स्पष्ट ऐकू आलं. नवऱ्याचं नाव मध्ये होतं, माझ्या बाकावरच्या मित्राचं.

"कोनाची हरकत?" ग्रामसेवकानं विचारलं आणि पान उलटायला बोट ओलं केलं.

किती वेळ होता म्हणाल तर बोट ओलं होईपर्यंत. पण बोलायचं असतं तर तेवढा पुरला असता. 'हरकत आहे' हे दोन शब्द; तिनं दोनच मागितले होते. माझ्या डोक्यात काय चाललं होतं तेही आठवतं. व्यासपीठावर बसून हरकत घेणं बरं दिसत नाही. साहेबांना वाटेल, गावात भांडणं आहेत. सभा संपली की ग्रामसेवकाला बाजूला घेऊन सांगू, आपलाच माणूस आहे. आणि तेवढ्यात मला तो शब्द सापडला: 'लोकाभिमुख'. पान उलटलं.

आभाराचं भाषण चांगलं झालं. गावकऱ्यांच्या उत्स्फूर्त उपस्थितीचा मी त्यात खास उल्लेख केला. घमेलीवाल्या बायांनी टाळ्या वाजवल्या, कारण त्यानंतर त्यांना जाता येणार होतं. चिवड्याच्या बशा फिरत असताना शिपायानं रजिस्टर पुढे केलं, बोट ठेवत गेला, आणि मी हजेरी समजून चार-सहा ठिकाणी सह्या केल्या. जन्मभर न वाचता सह्या करणाऱ्या साहेबांना मी नावं ठेवत आलो आहे.

मग मी ग्रामसेवकाला बाजूला घेतलं. तो म्हणाला, "बाबूजी, आता तं ठराव झाला. साहेबायनं समोर बसून ऑनलाइन टाकून घेतला. तुमी वरतच बसून होते, तवाच म्हनाचं नाही का?" त्याच्या आवाजात टोमणा नव्हता. त्याला खरंच नवल वाटलं होतं.

दुपारी वहिनी डोक्यावर पत्त्याचं गाठोडं घेऊन आली. माझ्या दारातून जाताना थांबली. "झाली का जी तहकूब?"

"नाही. सभा झाली," मी म्हणालो. "साहेब आले होते अचानक. काल सांजेपर्यंत कोनालेच मालूम नव्हतं. आपन अर्ज करू तालुक्याले."

यातलं प्रत्येक वाक्य खरं होतं. मानेवर ओझं असल्यामुळे तिला मान हलवता येत नव्हती. मग "बरं जी," म्हणाली आणि पुडे बांधायला गेली.

अर्ज मी लिहिला, आणि आयुष्यात लिहिलेल्या अर्जांत तो सर्वांत चांगला होता. तो घेऊन मी स्वतः तालुक्याला गेलो. तिथला बाबू माझ्या हाताखाली शिकलेला होता. त्यानं चहा मागवला, अर्ज दोनदा वाचला आणि ठरावाची प्रत काढून माझ्यासमोर ठेवली.

"सर, अर्ज पक्का आहे. पन हे पाहा. 'यादीवर कोणाचीही हरकत नाही, सर्वानुमते मंजूर.' अन् खाली अनुमोदक कोन आहे?"

अनुमोदकाच्या जागी माझी सही होती. वळणदार, तारखेसह, खाली दोन टिंबं. मान म्हणून त्यांनी मला सगळ्याच ठरावांचा अनुमोदक केलं होतं.

"सभेत हरकत घेतली नाही, अन् ज्यानं अनुमोदन देल्लं तोच हरकतीचा अर्ज आनून राहिला," तो म्हणाला. "मी पुढं पाठवतो. पन वरतून काय येईन ते तुमाले माह्यापेक्षा जास्त मालूम आहे." मला मालूम होतं. पुढचा सर्व्हे होईल तेव्हा.

तो कधी होईल हे कुणालाच सांगता येत नव्हतं. पावसाळा मात्र तीन आठवड्यांवर होता.

ते तीन आठवडे मी ओट्यावर बसलो नाही. वहिनी दिसली की मी आत जाई. कचेरीत अशी माणसं मी पुष्कळ पाहिली होती: अर्जदार व्हरांड्यात दिसला की ज्यांना एकदम फाइल शोधायला मागच्या खोलीत जावं लागतं. शेवटी जूनच्या सुरुवातीला एका सकाळी तिच्या अंगणात गेलो. काय बोलायचं ते ठरवून गेलो होतो, सुरुवात-शेवट धरून.

ती छपरावर होती. लुगडं खोचून, वाशावर पाय देऊन जुने कवेलू काढत होती. खाली नव्या कवेलूंची रास होती. दीर त्याच्या ओसरीत दात घासत होता.

"वहिनी, थोडं बोलाचं होतं."

"बोला ना जी. मी आयकून राहिली."

छपरावरच्या माणसाला उद्देशून कबुली देणं अवघड असतं, मान दुखते. पण मी सगळं सांगितलं. शाल सांगितली, 'लोकाभिमुख' सांगितला, नाव ऐकू आल्याचं सांगितलं, सही सांगितली. दीर दात घासायचा थांबला होता.

"मालूम आहे मले," ती वरून म्हणाली. "त्याच दिवशी फोटो आला होता ना मोबाइलवर. शाल चांगली दिसे तुमच्या अंगावर."

"मंग बोलल्या काहून नाही?"

तिनं एक फुटका कवेलू खाली टाकला. "काय बोलू? मीच चुकली. सरपंचाले इच्यारलं असतं तं तो म्हने, ये. तो सगळ्यायलेच ये म्हनते. मले वाटलं, तुमी शिकले-सवरले, तुमाले जास्त समजते."

मी वाकून त्या फुटक्या कवेलूचे तुकडे गोळा करू लागलो.

"आता आले आहा तं ते कवेलू द्या वर," ती म्हणाली. "एकेकच द्या. अन् शिडीवर तिसऱ्या पायरीच्या वर चढू नका, पडान."

मी चप्पल काढली. दुपारपर्यंत आम्ही फुगलेल्या भिंतीकडची बाजू पुरी केली. नवे कवेलू तिनं दोनशे आणले होते. त्यातले नऊ माझ्या हातून फुटले.