गावांची नावं ऐकणारा

संस्थानं विलीन होत होती, त्या वर्षांत मी सातवीतून शाळा सोडून, घरी न सांगता बुऱ्हाणपूरला आलो. सिंधीपुऱ्यातल्या एका हातमागवाल्याने मला ठेवून घेतलं. त्याचे उपकार मी विसरणार नाही.

त्याच्या दारात एक म्हातारा रहाटावर सुताच्या कांड्या भरत बसे. तापीकाठी बेशुद्ध सापडला तेव्हापासून त्याला स्वतःचं नाव-गावसुद्धा आठवत नव्हतं. म्हणून कामावर येणारा प्रत्येक जण त्याला एखाद्या गावाचं नाव सांगूनच आत जायचा. तो रहाट थांबवायचा, डोळे मिटून ते नाव पुटपुटायचा आणि नकारार्थी मान हलवायचा.

"बाबा, अब तो राजांची राज्यं गेली, तुम्ही गाव काय शोधता?" एक विणकर चिडवायचा.

"राजाला माहीत तरी आहे, काय गेलं ते," म्हातारा हसून म्हणायचा.

मी जवळपासचं दापोरा नाहीतर शाहपूर सांगून सटकायचो. माझं खरं गाव कळलं तर कुणी घरी कळवील, ही धास्ती होती.

एकदा तो म्हणाला, "बेटा, ही तर सगळेच सांगतात. तू लांबून आलास ना? तुझं सांग. माझंही तेच असलं तर?"

मी वाकून त्याच्या कानात सांगितलं. त्याने ते दोनदा पुटपुटलं.

"माझं नाही," तो म्हणाला. मग माझा हात धरून म्हणाला, "पण तुला तर आठवतं. मग जात का नाहीस?"

दुसऱ्या दिवसापासून मी मागच्या दाराने कामावर जाऊ लागलो.