पंख्याकडं पाठ

"अगं ए, इकडं माणसं बसलीत. मेंढरं नाहीत."

परीक्षक सर माइकवर बोलले आन् बारामतीच्या आमच्या कॉलेजचा अख्खा हॉल हसला. एकपात्रीची स्पर्धा होती. वर मी एकटी उभी, आन् माझं तोंड पडद्याच्या दोरीकडं.

मी निरवांगीची, धनगराची पोर. बाप मेंढरं विकून एमआयडीसीत दुधाच्या फॅक्टरीत लागला, तोवर माझं बालपण रानातच सरलं होतं. रानात हाक मारायची तर आधी वारा बघायचा. वारा पाठीवर घ्यायचा, मग हाक द्यायची. न्हायतर आवाज तोंडातच राहतो. आयनं शिकवलेलं. स्टेजच्या कडंला मोठा उभा पंखा होता. वारा आडवा लागला आन् माझे पाय आपसूक फिरले. पंख्याकडं पाठ, लोकांकडं खांदा. मला कळलंबी न्हाय.

पुढच्या रांगेत ऊसवाल्या बागायतदारांची पोरं. एकजण ब्यां ब्यां करायला लागला. सरांनी त्याला गप केलं न्हाय, ते रुमालानं डोळे पुसत हसत होते. मी आयची गोष्ट करणार होते, उसाच्या बांधावरनं तिला कसं हाकललं त्याची. ती सांगितलीच न्हाय. तशीच खाली उतरले.

घरी बाप म्हणाला, "आपल्याला कशाला पायजेत ही थेरं? शिक आन् नोकरी बघ." आय भाकरी थापत राहिली. मला दोघांचाबी राग आला, खरं सांगते.

वर्षभर पोरं मला बघून ब्यां करायची. पुढच्या गॅदरिंगला सरांनी बोलवून घेतलं. विनोदी नाटुकलं बसवत होते.

"धनगरीण तू कर. तुला अभिनय करायला लागणार नाही."

मान खाली घालून व्हय म्हणणार होते. अगदी जिभेवर आलं होतं. पण बोलले, "न्हाय. मी एकपात्री करणार."

"परत पडद्याशी बोलणार का?" सर हसले.

स्पर्धेला वर चढले आन् आधी तो पंखा धरला. ओढत ओढत पार मागं नेला, माझ्या पाठीशी लावला. लोकं हसली. हसू दिलं. माइक बाजूला केला, वारा पाठीवर घेतला, तोंड लोकांकडं केलं आन् आयची गोष्ट सुरू केली.

बांधाचं नाव निघालं तशी पुढची रांग उठून गेली. सर शेजारच्याशी गप्पा मारत बसले. नंबर आला न्हाय. निकाल सांगताना सर म्हणाले, "आवाज आहे, वळण नाही."

आय पहिल्यांदाच आली होती, पार मागच्या बाकावर बसलेली. बाहेर आल्यावर म्हणाली, "समदं ऐकू आलं मला. पर कुणाला कळलं का गं?"

मी तिला घेऊन घरी निघाले.

त्याला लई वर्षं झाली. इंदापूरला, बारामतीला, गावच्या जत्रंत मी एकटी उभी राहते. पुढच्या खुर्च्या अजून ऊसवाल्यांच्याच हायत, आन् अंधारातनं ब्यां अजून येतं. हे बदलंल असं मला वाटत न्हाय. कुणी तसं म्हणालं तर मला त्याचा राग येतो.

पण स्टेजवर चढले की आधी पंखा बघते. आडवा असला तर ओढत मागं नेते. पंखा फिरंल. मी न्हाय फिरणार.