भावोजींनी पाठवलेली कवळी

माझे धाकटे दीर कवळ्या बनवतात. बारा वर्षं परदेशात बनवल्या आणि गेल्या महिन्यात घरी आले. माझ्या प्रार्थनेमुळे आले, असं मी शेजारणीला तीनदा सांगितलं. प्रार्थनेच्या वहीत रोज लिहिलेलंच आहे: "देवा, भावोजींना घरी आण." बारा वर्षं देवामागे लकडा लावल्यावर थोडं मिरवलं तर काय बिघडलं?

तिसऱ्याच दिवशी चहा पिता पिता भावोजी म्हणाले, "वहिनी, मी पाठवलेली कवळी कुठंय?"

ती देवाच्या कपाटात, पोथीमागे. दोन वर्षांपूर्वी त्यांनी इथल्या दवाखान्यातून माझ्या हिरड्यांचा साचा मागवून ती पाठवली होती. तोंडात घातली की खिळ्यासारखी टोचायची. फोनवर मात्र मी म्हणायचे, "अगदी लोण्यासारखी बसली हो!" तेही देवासमोर बसून. आता ती काढून त्यांच्या हातात दिली आणि खरं काय ते सांगून टाकलं.

"ठाऊक होतं मला," ते हसले. "व्हिडिओवर तुमचे ओठ आत गेलेले दिसायचे. तिकडं डबाभर साचे येतात, डबाभर कवळ्या जातात. बारा वर्षांत एक तोंड पाहिलं नाही. कुणाला कुठं टोचलं, कोण सांगणार? म्हटलं, निदान घरचं तोंड तरी बघू."

म्हणजे फळाला आली ती प्रार्थना नव्हे, माझी थाप!

तिकडची नोकरीची जागा महिनाभर राखून ठेवलेली होती. राहायचं की जायचं, ते अजून ठरत नव्हतं. पुढच्या खोलीत टेबल मांडून भावोजींनी कवळी घासली. चौथ्या खेपेला ती खरंच बसली. पण टोचणं संपलं की हे चालले, या धास्तीनं मी गाल धरून म्हटलं, "अजून टोचतंय हो." असे आठ दिवस काढले.

"टोचतंय म्हणे! काल मक्याचं अख्खं कणीस फस्त केलं हिनं," वर्तमानपत्रामागून आमचे हे.

आज भावोजींनी कवळीला आतून पांढरा लेप लावला. टोचत असेल तिथला पुसला जातो म्हणे. बाहेर काढली, तर लेप सगळीकडे जसाच्या तसा.

"वहिनी, ही टोचत नाहीये."

मी पदराशी चाळा करू लागले.

"आणि मी तिकडं सोमवारीच नकार कळवलाय."

"मग आधी नाही का सांगायचं!"

"बारा वर्षांत पहिल्यांदा कुणी तोंडावर तक्रार करत होतं. म्हटलं, ऐकू चार दिवस."

देवाची क्षमा मागितली. शेजारणीला मात्र प्रार्थनेचंच सांगणार. तिच्या सासऱ्यांना भावोजींकडून कवळी हवी आहे; टोचण्याची गोष्ट त्यांच्या कानी कशाला?