म्हाताऱ्याचं वायफाय

जुन्या लॅपटॉपवर जीव असलेल्या माणसाच्या दुकानात रोज बसलं की किस्से गोळा करावे लागत नाहीत, ते अंगावर येऊन पडतात!

हे दुकान वडवणीतल्या सलीमभाईचं. मी मराठीचा मास्तर. शाळा सुटली की तिथं स्क्रू धरायला हजर. टेबलावर कायमचा पेशंट एकच, विटेएवढा जाड काळा लॅपटॉप. नाव म्हातारा! याच्यावरच सलीमभाई दुरुस्ती शिकला, म्हणून त्याला टाकवत नाही. नव्या वायफायवर आणायचाच, ही त्याची जिद्द.

सलीमभाईच्या बायकोची, म्हणजे भाबींची, अट त्याहून पक्की. "बाजाराच्या दिवसापर्यंत लावा. न्हाई तर बाबूराव भंगारवाल्याला देनार, अन् या टेबलावर माजी शिलाई मशीन येनार!"

*

म्हाताऱ्याच्या पोटात वायफायच नव्हतं. सलीमभाईनं डोंगल आणला, नखाएवढा. लावला, तर पडद्यावर अक्षरं आली: नवं यंत्र सापडलं! आम्ही खूश. डोंगल नीट राहावा म्हणून काढून कागदाच्या पुडीत ठेवला आणि चहा मागवला.

शेजारीच शेंगदाण्याची पुडी होती. मी गप्पांच्या नादात हाताला आली ती पुडी तोंडात रिकामी केली.

"सर, चावू नका!" सलीमभाई किंचाळला.

*

नवा राउटर दोन वायफाय सोडतो, एक सुसाट, एक सावकाश. म्हाताऱ्याला सुसाटवालं दिसायलाच तयार नाही. मी वैतागलो.

"सर, त्याला साधी एसटीच पायजे," सलीमभाई म्हणाला. "एसीची गाडी पुढनं गेली तरी त्याला दिसत न्हाई!"

मग सावकाशवालं शोधलं. तर नावाच्या जागी नुसते चौकोन! सलीमभाईनं हौसेनं वायफायचं नाव मराठीत ठेवलं होतं.

"इतकी वर्षं वडवणीत हायेस," तो म्हाताऱ्यावर डाफरला, "मराठी कावून येईना बे?"

*

नाव इंग्रजीत केलं. आता पासवर्ड. मी आत हाक मारली, "भाबी, पासवर्ड काय?"

"न्हाई न्हाई!"

मला वाईटच वाटलं. रोजचा माणूस मी, माझ्यावर एवढाही भरवसा नाही? सलीमभाई पोट धरून हसत होता. "सर, तोच पासवर्ड हाय! गल्लीतले पोरं मागायला येतात. ही न्हाई न्हाई म्हनती, खोटं बी पडत न्हाई!" आठ अक्षरं लागतात, म्हणून दोनदा.

मी नाही नाही असं टाइप केलं. लागेना. दुपारभर डोंगलला शिव्या घातल्या. शेवटी भाबीच बाहेर आल्या. "आमी बोलतो तसं लिवा की. एन, एच, ए, आय. पासवर्डला शुद्धलेखन नसतंय, सर!"

लागलं!

*

लागलं, पण एक पान उघडेल तर शपथ. म्हाताऱ्याच्या घड्याळाचा सेल मेलेला, तारीख कधीचीच मागं पडलेली, लावली तरी टिकेना. तारीख चुकली की नव्या साइट दारातही उभं करत नाहीत.

"हा अजून निजामाच्या राज्यात हाय!" सलीमभाईनं कपाळावर हात मारला.

सेल मांजरसुंब्याहून ओळखीच्या ड्रायव्हरबरोबर मागवला. तो येईपर्यंत बाजाराचा दिवस उजाडला.

*

बाबूरावांचा हातगाडा दारात. भाबी शिलाई मशीन घेऊन टेबलापाशी उभ्या. सलीमभाईनं सेल बसवला, तारीख लावली. "चल बे, इज्जत राख!"

पडद्यावर चक्र फिरतंय, फिरतंय... आणि वडवणीच्या हवामानाचं पान उघडलं!

"आलं! आलं!" सलीमभाईनं मला उचललंच. मीही लहान पोरासारखा ओरडलो. इतका आनंद मला स्वतःच्या नोकरीच्या ऑर्डरचाही झाला नव्हता.

भाबींनी शब्द पाळला. मशीन मागं ओढली. "ऱ्हाऊ द्या म्हाताऱ्याला."

बाबूराव हे सगळं आ वासून बघत होते. त्यांनी गाड्यावरची ताडपत्री वर केली. खाली तसलेच जाड काळे लॅपटॉप, एकावर एक रचलेले!

"सलीमभाई, यांना बी लावून बघू की! पासवर्ड काय हाय?"

"न्हाई! न्हाई!" भाबी जीव तोडून ओरडल्या.

बाबूरावांनी शांतपणे मोबाईल काढला.

"मधी जागा सोडायची का, भाबी?"