आमच्या ह्यांचा घुमट

ब्रिस्टलपासून तासाभरावरच्या आमच्या छोट्या गावात एक ऑर्थोडॉक्स कॅथीड्रल आहे. मुळात ते मेथडिस्टांचं चॅपल. ते ओस पडल्यावर सायप्रसहून आलेल्या ग्रीक कुटुंबांनी विकत घेतलं, पुढे बिशपांची गादी इथे आली आणि एवढ्याशा गावातलं चॅपल कॅथीड्रल झालं. मग एका हिवाळ्यात आग लागली. चार भिंती तेवढ्या उरल्या.

ते पुन्हा उभं राहिलं, त्यात आमच्या ह्यांची दोन वर्षं गेली. विमानाच्या कारखान्यातून रिटायर झालेला हा माणूस, शनिवार-रविवारसुद्धा तिथेच. नव्या घुमटाचं वजन जुन्या भिंतींना पेलेल का, एवढीच चिंता. मी चिडायचे. "कशाला या लष्कराच्या भाकऱ्या? गार्डनची फेन्स पडलीय, ती बघा आधी."

"अगं, लोड नीट बसला नाही तर नेक्स्ट विंटरला क्रॅक जाईल. फेन्स काय, पडलेलीच आहे!"

घुमट चढला आणि महिन्याभरात हे गेले. उद्घाटन त्यांना बघायला मिळालं नाही, याचा मला अजून राग येतो. कुणाचा, ते सांगता येत नाही.

वर्षश्राद्धाच्या आसपासच्या रविवारी मी तिथे गेले. दाराशी लोक आपल्या गेलेल्या माणसांची नावं चिठ्ठीवर लिहून देतात आणि फादर ती प्रार्थनेत वाचतात. मला तेवढंच हवं होतं. ह्यांचं नाव त्या घुमटाखाली एकदा ऐकू यावं. टेबलाशी बसलेल्या बाईंनी नाव विचारलं, तर माझी जीभच उचलेना. लग्नात उखाण्यात घेतलं असेल तेवढंच. नंतर संसारभर 'अहो'. शेवटी लिहून दिलं.

थोड्या वेळानं फादर स्वतःच चिठ्ठी घेऊन बाहेर आले. ओशाळले होते बिचारे. बाप्तिस्मा न झालेल्याचं नाव त्यांना तिथे वाचता येत नाही.

"घुमट चढवताना नाही विचारलंत बाप्तिस्म्याचं!" मी फाडकन बोलले.

"खरं आहे," ते म्हणाले. "तरी थांबा. हे चर्च बांधणाऱ्यांसाठी आम्ही दर रविवारी प्रार्थना करतो. तिथे मी जरा थांबेन. मला वाचता येत नाही, पण तुम्हाला कोण अडवणार?"

सगळं ग्रीकमध्ये चाललं होतं. बांधणाऱ्यांसाठीची तेवढी एक ओळ त्यांनी इंग्रजीत म्हटली आणि ते गप्प झाले. मी ह्यांचं नाव घेतलं. आधी पुटपुटत. मग, फादर अजून थांबलेच आहेत हे पाहून, आडनावासकट मोठ्यानं.