मांगुराचा चारा

मांगूर हा काही देखणा मासा नाही. काळा, बुळबुळीत, तोंडाला मिशा. गढूळ पाण्यात त्याला फारसं दिसत नाही, तो वासावर जगतो. म्हणून त्याला लावायचा चारा असा लागतो की माणसानं नाकाला पदर लावावा. आमचे आण्णा, म्हणजे माझे वडील, असा चारा करण्यात गावात एक नंबर होते, आणि माझ्या मायला त्याचं काडीचंही कौतुक नव्हतं.

ज्वारीचं जाडंभरडं पीठ, कुटलेली सुकट, सालासकट ठेचलेला लसूण, हिंगाचा खडा, कोंबडीची आतडी आणि हे सगळं भिजेल इतकं आंबट ताक. मडक्याचं तोंड फडक्यानं बांधायचं आणि मडकं उकिरड्यात पुरून ठेवायचं. ते बाहेर निघालं की शेजारचे दारं लावून घेत. आण्णा त्या चाऱ्याच्या बोराएवढ्या गोळ्या गळाला लावत आणि तेरणेच्या काठी बसत. मायला मासा चालायचा, काटा न् काटा चोखून खायची. चाऱ्याचा वास तेवढा खपायचा नाही.

त्यावरून आमच्या घरात एक कायदाच होता. चाऱ्यात हात घातला की आण्णांनी अंगणात चिंचेखाली बाजेवर झोपायचं. राखेनं, लिंबानं हात घासून ते उंबऱ्यापाशी यायचे आणि तळवे पुढं करायचे. माय दारात उभी राहून वाकून वास घ्यायची. "हाय अजून. भाईर," असं म्हणायची, नाहीतर मुकाट्यानं बाजूला सरायची. बाजूला सरली की आण्णांनी आत यायचं. आम्ही भावंडं पोट धरून हसायचो आणि आण्णाही हसायचे.

भूकंप झाला तेव्हा माझं लग्न झालं होतं, मी लातुरात होते. आदल्या दिवशी आण्णा नदीवर गेले होते. हाताचा वास गेला नव्हता. पहाटे ते चिंचेखाली वाचले आणि माय आत, माळवदाच्या दगडमातीखाली गेली. भेटायला येणारा जो तो म्हणायचा, "देवानं राखलं." देवानं कुठलं, सुकटीनं राखलं, असं माझ्या ओठांवर यायचं. त्या दिवसांत मला सगळ्यांचाच राग येत होता, मेलेल्या मायचासुद्धा.

नवं गाव नदीपासून लांब वसलं. ओळीनं स्लॅबची घरं. आण्णा त्या घरात एकदाही झोपले नाहीत, म्हणून मी त्यांना लातूरला घेऊन आले. तोवर आमच्या भागात क्लासेसचं पेव फुटलं होतं. लोहा, नायगाव, हिमायतनगर, कुठून कुठून पोरं डॉक्टर व्हायला यायची. खालच्या खोल्या आम्ही त्यांना भाड्यानं दिल्या आणि मी मेस सुरू केली. आण्णांनी पहिल्याच दिवशी बाज गच्चीवर नेली. मला एवढंच हवं होतं, की त्यांनी चार माणसांसारखं आत येऊन झोपावं. राहिलेल्या माणसानं नीट जगावं, याहून जास्त काही नाही.

त्यांनी रंगाच्या रिकाम्या डब्यात चारा मुरत घातला. सुकट माझ्याच स्वयंपाकघरातली. पोरं ताटावरून उठायला लागली. "काकू, वर कायतरी मरून पडलंय," एक जण म्हणाला. मी तरातरा गच्चीवर गेले.

"आण्णा, इथं नदी कुठंय? कुणाला घालणार हा चारा?"

"कुनालाच न्हाई."

"मग करता कशाला?"

त्यांनी मनगटापर्यंत हात डब्यात बुडवला, बाहेर काढला आणि माझ्यापुढं धरला. "आता मला आत ये म्हनू नको."

तेव्हा माझ्या ध्यानात आलं की गळ त्यांनी गावाहून आणलाच नव्हता. मी डबा फेकून दिला. त्यांनी दुसरा भरला. मी तोही फेकला. शेवटी दमले ती मीच. पोरांना सांगितलं की ते सांधेदुखीचं औषध आहे, आणि डॉक्टर व्हायला निघालेल्या त्या पोरांनी ते खरं मानलं.

अशीच वर्षं गेली. थंडीत वाकळा, पावसात ताडपत्री. पोरं शिकून गेली, नवी आली, त्यांनाही तेच औषध सांगितलं. आण्णा आत येतील ही आशा मी सोडून दिली होती.

मग एका हिवाळ्यात त्यांच्या छातीत कफ भरला. डॉक्टर म्हणाले, वारं लागू देऊ नका. नको म्हणायचंही बळ त्यांच्यात उरलं नव्हतं. आम्ही त्यांना उचलून खाली आणलं. मी गरम पाण्यानं त्यांचे हात धुतले, पुन्हा पुन्हा साबण लावून, नखांतलासुद्धा मळ काढला. त्यांना पलंगावर निजलेलं बघून मला वेड्यासारखा आनंद झाला होता.

दुपारी त्यांनी डोळे उघडले. समोर दार उघडं होतं, तिकडं बघत राहिले. मग दोन्ही तळवे माझ्यापुढं धरले.

"वास गेला का गं?"

मी वाकून वास घेतला. नुसत्या साबणाचा होता.

"गेला आण्णा. आता आतच झोपायचं."

त्यांनी तळवे स्वतःच्या नाकाशी नेले. त्यांचीही खात्री पटली असावी. हात खाली ठेवून ते पुन्हा दाराकडं बघायला लागले.

"मंग ती बाजूला का सरंना?"