नव्या घरातली पहिली पंगत

आटपाडीच्या बाजूला आम्हा मेंढरं राखणाऱ्यांची वस्ती होती. दुष्काळ सरला आणि पुढच्याच उन्हाळ्यात वस्तीतली छपरं जळाली. नवरा आष्ट्याकडं रानात खतासाठी मेंढरं बसवायला गेलेला. मी पोरांना घेऊन लिंबाखाली राहत होते.

तेव्हा साताऱ्याहून कॉलेजची पोरं सायकलींवर आली. वाटेत गावोगाव थांबून त्यांनी आमच्यासाठी पत्रे आणि वासे मागितले होते. ते सामान ट्रकने मागाहून आलं. पोरं पाटलाच्या सोप्यात उतरली. पाटलीणबाई मनाची मोठी. दोन्ही वेळ सगळ्यांना पोटभर घालायची. मी तिच्याच घरी धान्य निवडायला जात असे.

पोरांना काम येत नव्हतं. भिंतीला पोट आलं, ती पाडून आम्ही पुन्हा रचली. पण हाताला फोड आले तरी एकही घरी गेला नाही.

आमच्यात घर बांधणारे हात धुऊन त्याच घरात जेवतात. ते जेवल्याशिवाय घर आपलं होत नाही. शेवटी माझ्या घरावर पत्रा चढला तसं मी त्यांच्या म्होरक्याला, एका चष्मेवाल्याला म्हणाले, "उद्या समद्यांनी माझ्याकडं जेवायचं."

"नको वहिनी. ज्याचं घर बांधतो त्याच्याकडं खायचं नाही, असा आमचा नियम आहे."

"नसंल जेवायचं तर पत्रे काढून न्या."

मागून एक जण म्हणाला, "हो म्हण गड्या, न्हाईतर आपल्यालाच पत्र्यात गुंडाळून पाठवतील!"

दुसऱ्या दिवशी, निघण्याआधी, पोरं पंगतीला बसली. घरात होती नव्हती ती बाजरी मी दळली होती आणि हुलग्याचं पातळ माडगं केलं होतं. पोरं चतकोर तुकडा खाऊन हात आवरून बसली. मला राग आला.

"चिमण्यांगत काय टोचताय? जेवा की."

मग ती जेवली. घाम गाळलेली पोरं, भाकऱ्या कधी संपल्या कळलंच नाही. कडेला बसलेल्या पोराच्या ताटात पहिल्या चतकोरानंतर काहीच पडलं नव्हतं आणि माझा हात रिकाम्या टोपलीत होता. त्यानं ताटावर हात आडवा धरला.

"पोट भरलं, वहिनी."

कुणी हसलं असतं तर बरं झालं असतं.

चष्मेवाला उठला. सायकलींना अडकवलेली गाठोडी त्यानं आणून मधे सोडली. पाटलीणबाईनं वाटेसाठी बांधून दिलेल्या ज्वारीच्या भाकऱ्या आणि ठेचा. माझी पोरं त्यावर तुटून पडली.

"बसा वहिनी, तुम्हीपण बसा."

मी बसले. ती ज्वारी मीच निवडली होती. माझ्या घरात, मीच हट्टानं बसवलेल्या पंगतीत, पाटलाची भाकरी खाल्ली.

जाताना पोरं म्हणाली, "माडगं लय भारी होतं." मी मान वर केली नाही. त्यांच्या वाटेतल्या जेवणाचं काय, हेही विचारलं नाही.

पाटलीणबाईच्या गाठोड्यांची फडकी माझ्याकडंच राहिली. मी ती धुतली आणि सकाळी कामावर जाताना घेऊन गेले.

पाटलीणबाई अंगणात होती. "काय गं, कालचं तुझं जेवण पुरलं का समद्यांना?"

"उरलं," मी म्हणाले.

तिनं माझ्या हातातल्या फडक्यांकडं बघितलं. मग ती घेतली आणि सूप माझ्यापुढं सरकवलं.